जहांगीरजी टाटा आणि १९३० सालची हवाई शर्यत

आपल्या पांढरकवड्याच्या आसपास कोठे शंकरपट भरला म्हणजे विद्यार्थ्यांचे पाय शाळेपेक्षा मैदानाकडेच अधिक वळतात, हे मी पुष्कळ वर्षे पाहत आलो आहे. बैलजोडी सुटते न सुटते तोच काही सेकंदांत निकाल लागतो. परंतु तेवढ्यासाठी माणसे दुरून चालत येतात व दिवसभर उन्हात तिष्ठत उभी राहतात. एकदा वर्गातील मुलांनी मला प्रश्न केला की, यंत्रांच्या ज्या नाना प्रकारच्या शर्यती जगात होतात, त्यांपैकी सर्वांत थरारक कोणती? त्या वेळी मला उत्तर सुचले नाही. पुढे जहांगीर रतनजी दादाभाई टाटा ह्यांच्या चरित्रात ते मला सापडले.

जहांगीरजींचा जन्म २९ जुलै १९०४ रोजी पॅरिस येथे झाला. वडील रतनजी दादाभाई हे टाटांच्या पेढीतील भागीदार. आई सुझान ही फ्रेंच. फ्रान्सच्या समुद्रकाठी ज्या गावी हे कुटुंब सुट्टीत जात असे, तेथेच इंग्लिश खाडी विमानाने प्रथम ओलांडणाऱ्या लुई ब्लेरिओचेही घर होते. बालवयात लागलेले विमानाचे वेड शेवटपर्यंत सुटले नाही. फ्रेंच सैन्यात काही काळ नोकरी करून ते १९२५ साली मुंबईस पेढीत उमेदवारी करू लागले, आणि दुसऱ्याच वर्षी पितृछत्र हरपले.

ह्या तरुणाजवळ बुगाटी नावाची मोटार होती आणि ती हळू हाकणे त्यांच्या स्वभावात नव्हते. भरधाव हाकण्याबद्दल त्यांच्यावर खटला झाला. त्यासाठी ज्या वकिलांकडे ते गेले, त्यांच्याच पुतणीशी, थेल्माबाईंशी, १९३० साली त्यांचा विवाह झाला. अशा हाकण्याचे अनुकरण मात्र कोणी करू नये. आपल्यावरून जाणाऱ्या नागपूर–हैदराबाद रस्त्यावर तर मुळीच नको!

बुगाटी हे नाव त्या काळी शर्यतींत दुमदुमत होते. १९२९ साली मोनॅको येथे पहिली मोठी शर्यत झाली, ती बुगाटीनेच जिंकली. शहरातील अरुंद, वळणावळणाच्या रस्त्यांवर १०० फेऱ्या. तेथे हस्तकौशल्याची परीक्षा. अमेरिकेत इंडियानापोलिस येथे १९११ सालापासून ५०० मैलांची शर्यत होते. तेथे लंबगोल मार्गावर निव्वळ वेगाची परीक्षा. फ्रान्समधील ल मान्सची शर्यत १९२३ साली सुरू झाली, ती अखंड २४ तासांची. तेथे यंत्राच्या व मनुष्याच्या दमाची परीक्षा. तिन्ही थरारक खऱ्या. पण तिन्हींत प्रतिस्पर्धी डोळ्यांसमोर असतो आणि बिघाड झाल्यास साहाय्य हाकेच्या अंतरावर असते. १९३० सालच्या शर्यतीत ह्यांपैकी काहीच नव्हते.

जहांगीरजींस १० फेब्रुवारी १९२९ रोजी वैमानिकाचा परवाना मिळाला. भारतात दिलेला तो पहिला परवाना होय. त्याच वर्षाच्या अखेरीस आगाखान ह्यांनी ५०० पौंडांचे बक्षीस जाहीर केले : इंग्लंड व हिंदुस्थान ह्यांमधील प्रवास, कोणत्याही दिशेने, एकट्याने विमान चालवून जो भारतीय प्रथम पुरा करील त्यास ते मिळावयाचे होते. तिघे पुढे आले. मनमोहन सिंग व अवघा १७ वर्षांचा अस्पी इंजिनियर हे इंग्लंडहून निघाले; जहांगीरजी ३ मे रोजी कराचीहून उडाले. विमान जिप्सी मॉथ, बसण्याची जागा उघडी, रेडिओ नाही, सोबत नकाशा व होकायंत्र. खाली वाळवंट, नाही तर समुद्र. प्रतिस्पर्धी समोरून येत आहे, परंतु तो कोठवर आला हे ठाऊक नाही! असली शर्यत पाहावयास प्रेक्षक कोठून असणार?

इजिप्तमध्ये अलेक्झांड्रियाजवळ जहांगीरजी उतरले, तो तेथे अस्पीचे विमान उभे. इंजिनाच्या स्पार्क प्लगांवाचून तो अडकून पडला होता. जहांगीरजींजवळ जादा प्लग होते. ते दिले नसते तरी नियमभंग झाला नसता, आणि त्यांस दोष देणारा त्या विमानतळावर कोण होता? त्यांनी प्लग काढून दिले. दोघे आपापल्या दिशांना उडाले. ११ मे रोजी अस्पी कराचीस उतरला, तेव्हा जहांगीरजींचा प्रवास संपावयाचा होता; थोड्याच अवधीच्या फरकाने बक्षीस गेले. मनमोहन सिंगांस ठरलेली मुदत साधली नाही. हाच अस्पी पुढे १९६० साली भारतीय वायुदलाचा प्रमुख झाला.

दोन वर्षांनी, १५ ऑक्टोबर १९३२ रोजी, जहांगीरजींनी कराचीहून टपाल घेऊन अहमदाबादमार्गे मुंबईचे जुहू गाठले आणि देशातील हवाई टपालसेवेचा आरंभ झाला. अहमदाबादेस विमानाचे पेट्रोल बैलगाडीतून आले होते. आमच्या पटाच्या शौकिनांना हे वाचून संतोष वाटेल. १९३८ साली ते टाटा उद्योगांचे अध्यक्ष झाले, १९४८ साली त्यांच्या कंपनीची विमाने लंडनला जाऊ लागली. १९५३ साली कंपनी सरकारने घेतली, तरी ते तिचे प्रमुख राहिले. १९७८ साली मात्र त्यांस त्या पदावरून दूर करण्यात आले. १९९२ साली त्यांस भारतरत्न मिळाले, व २९ नोव्हेंबर १९९३ रोजी जिनीव्हा येथे त्यांचा अंत झाला.

मध्यंतरी १९८२ साली, पहिल्या टपालफेरीला ५० वर्षे झाली तेव्हा, वयाच्या ७८ व्या वर्षी ते पुन्हा एकटेच जुन्या धर्तीच्या लहान विमानात बसले आणि कराचीहून अहमदाबादमार्गे मुंबईस येऊन उतरले. त्या खेपेस शर्यत कोणाशीच नव्हती.