आकाशाची छायाचित्रे घेणारे रॉबर्ट्स

वेल्समध्ये १८२९ साली जन्मलेले आयझॅक रॉबर्ट्स लिव्हरपूलला इमारती बांधण्याचा धंदा करीत; आकाशदर्शन हा त्यांचा छंद. डोळ्याला प्रकाश साठविता येत नाही, छायाचित्राच्या काचेला येतो. २९ डिसेंबर १८८८ रोजी २० इंची आरशाच्या दुर्बिणीवर ४ तास काच उघडी ठेवून त्यांनी देवयानीतील धूसर ठिपका टिपला, आणि दुर्बिणीतून न उमगलेले त्याचे वळसे उमटले! त्यांना ती जन्मास येणारी सूर्यमाला वाटली. ती दुसरी आकाशगंगा, हे १९२५च्या सुमारास ठरले. मला मात्र अधिक कौतुक वाटते ते त्यांच्या पत्नी डोरोथियाबाईंचे. १८९३ सालीच गणितात डॉक्टर झालेल्या या विदुषीचा विवाह १९०१ साली झाला आणि १९०४ साली पती निवर्तले. त्यांच्या काचा बाईंनी जिवापाड जपल्या, अभ्यासिल्या व निवडक चित्रांचा ग्रंथ १९२९ साली छापून काढला.