परिचारिका ते नगरसेविका : अवंतिकाबाई गोखले

आमच्या आष्टीत ऑगस्ट महिना उजाडला की गाव हुतात्म्यांच्या आठवणीत बुडून जाते. १६ ऑगस्ट १९४२, नागपंचमीचा दिवस. त्या दिवशी इथल्या पोलीस ठाण्यापुढे जे घडले ते शाळेत असल्यापासून आम्ही ऐकत आलो आहोत आणि हुतात्म्यांची नावे आम्हाला तोंडपाठ आहेत. यंदा मात्र व्याख्यान ऐकून घरी परतताना एक वेगळाच प्रश्न मनात आला. त्या दिवशी जे जखमी झाले त्यांच्या जखमा कोणी धुतल्या असतील? पट्ट्या कोणी बांधल्या असतील? अशा कामाचे नाव कधी दगडावर कोरले जात नाही.

हा प्रश्न मलाच का पडावा, याचे कारण घरचे आहे. माझी मावशी आष्टी तालुक्यातल्या एका उपकेंद्रात तीस वर्षे नर्स होती. रात्री-अपरात्री बैलबंडीत बसून ती बाळंतपणाला जायची. आसपासच्या चार-पाच गावांतली निम्मी पोरे तिच्याच हातावर जन्मली, असे म्हटले तर फारशी अतिशयोक्ती होणार नाही. निवृत्त झाल्यावर तिने ग्रामपंचायतीची निवडणूक लढवली. २०११ पासून आपल्या राज्यात पंचायतीतल्या निम्म्या जागा स्त्रियांसाठी राखीव आहेत, तेव्हा बाई उभी राहणे ही काही नवलाची गोष्ट नव्हती. तरीही पारावर बसणाऱ्या एका प्रतिष्ठित गृहस्थांनी भर सभेत विचारलेच, की बाळंतपणे करणाऱ्या बाईला राजकारणातले काय कळणार? लोक हसले. मावशी अकरा मतांनी पडली.

तो प्रश्न मला बोचत राहिला. त्याचे उत्तर शोधता शोधता आमच्या ग्रंथालयात अवंतिकाबाई गोखल्यांची गाठ पडली. आमच्या वर्गातल्या एकीलाही हे नाव माहीत नव्हते. खरे सांगायचे तर मलाही नव्हते.

अवंतिकाबाईंचा जन्म १८८२ सालचा, इंदूरचा. माहेरचे आडनाव जोशी. मुलीने शिकावे असा तो काळ नव्हता. नवव्या वर्षी त्यांचे लग्न बबनराव गोखल्यांशी झाले तेव्हा त्यांनी शाळेचे तोंड पाहिलेले नव्हते. अक्षरओळख झाली ती सासरी, नवऱ्याच्या हट्टामुळे. पुढे त्या इंग्रजीही शिकल्या. इथपर्यंतची गोष्ट त्या काळच्या इतर सुधारक घरांतल्या गोष्टींसारखीच आहे. रमाबाई रानड्यांचे उदाहरण आपण पाठ्यपुस्तकात वाचलेलेच आहे. वेगळे आहे ते यापुढचे. बबनराव इंजिनिअरिंगच्या शिक्षणासाठी इंग्लंडला गेले आणि इकडे बाईंनी रुग्णपरिचर्येचे व प्रसूतीचे शिक्षण घेतले.

आज नर्सिंगला प्रवेश मिळावा म्हणून मुली धडपडतात, म्हणून त्या निर्णयाचे वजन आपल्या चटकन लक्षात येत नाही. चित्पावन ब्राह्मणाची सवाष्ण सून, आणि तिने परक्या घरच्या बाळंतिणीची वार काढायची, रक्तामांसात हात घालायचे! विटाळ, सोयर, शिवाशीव या सगळ्यांची गाठोडी ज्या समाजाच्या डोक्यावर होती त्या समाजात हे काम खालच्या मानलेल्या जातींच्या बायांकडे ढकललेले होते. त्यांना कोणी प्रमाणपत्र दिले नाही, पगारही दिला नाही. बाळंतपण झाले की पायलीभर जोंधळे आणि जुने लुगडे, आणि बारशाला मात्र अंगणाबाहेर बसायचे. अवंतिकाबाईंनी ते काम शिकून घेतले, हे त्यांचे धाडस खरेच. पण ज्या पिढ्यान्‌पिढ्या ते काम करीत आल्या त्यांतली एखादी तेव्हा नगरसभेत जाऊन बसू शकली असती का? मला वाटते, नसती. अवंतिकाबाईंच्या पाठीशी जात होती, शिकलेला नवरा होता आणि मोठ्या घरांशी ओळखी होत्या. १९१३ साली इचलकरंजीच्या राणीसाहेबांबरोबर त्या इंग्लंडलाही जाऊन आल्या. हे सांगितल्याने त्यांचे मोठेपण उणे होत नाही, पण सांगितले नाही तर हिशेब अपुरा राहतो.

त्यांच्या आयुष्याला कलाटणी मिळाली ती १९१७ साली, बिहारात. चंपारणमध्ये निळीच्या मळेवाल्या गोऱ्यांनी शेतकऱ्यांना गांजले होते. वीस कठ्ठे जमिनीपैकी तीन कठ्ठ्यांत नीळ पेरलीच पाहिजे अशी सक्ती होती. गांधीजी तिथे गेले आणि चौकशी सुरू झाली, हे सर्वांना माहीत आहे. पण नुसत्या चौकशीने भागणार नाही, गावातली घाण, खरूज आणि अज्ञान हटले पाहिजे, असे त्यांना वाटू लागले. शाळा काढायच्या तर शिक्षक हवेत. त्यांनी बाहेरून स्वयंसेवक मागवले आणि मुंबईहून बबनराव व अवंतिकाबाई हे जोडपे जाऊन हजर झाले. पुण्याहून आनंदीबाई वैशंपायन आल्या. नोव्हेंबर १९१७ मध्ये बडहरवा लखनसेन या खेड्यात पहिली शाळा उघडली आणि ती गोखले दांपत्याकडे सोपवण्यात आली. मदतीला गांधीजींचे धाकटे चिरंजीव देवदास होते.

मराठी बायकांपुढे पहिली अडचण भाषेची होती. हिंदी नीट येत नसताना शिकवायचे कसे? गांधीजींनी त्यांना समजावले की व्याकरण राहू द्या, आधी स्वच्छता आणि चांगले वळण शिकवा. लिपी तर आपली बाळबोधच आहे. पुढे अनुभव असा आला की बायकांनी चालवलेले वर्गच अधिक चांगले चालले. मला यात आश्चर्य वाटत नाही. ज्या बाईला तापलेल्या पोराचे कपाळ हात लावून ओळखता येते, तिला त्या पोराच्या आईशी बोलायला फार मोठे शब्दभांडार लागत नाही.

औषधांचा साठा तर ऐकून हसू येईल असा होता. एरंडेल, क्विनाईन आणि गंधकाचे मलम, एवढीच तीन औषधे स्वयंसेवकांना दिलेली होती. जीभ पांढरी दिसली की एरंडेल, हिवताप असला तर एरंडेलानंतर क्विनाईन, खरजेला आणि गळवांना मलम. त्यापलीकडचे काही निघाले तर भारत सेवक समाजाचे डॉ. देव होतेच. बाकी सगळा भर झाडलोटीवर, विहिरीभोवतीचा चिखल उपसण्यावर, रस्ते साफ करण्यावर. प्रशिक्षित परिचारिकेला हे काम कमीपणाचे वाटले असते तर नवल नव्हते. अवंतिकाबाईंना ते वाटलेले दिसत नाही.

येथे एक गोष्ट सांगावीशी वाटते. ज्या देवदासच्या सोबतीने ही शिकलेली सुईण चंपारणात शाळा चालवीत होती, त्या देवदासचे बाळंतपण १९०० साली दक्षिण आफ्रिकेत खुद्द गांधीजींनी केले होते. ऐनवेळी डॉक्टर नाही, दाई नाही, तेव्हा पुस्तक वाचून ठेवलेले उपयोगी पडले. डर्बनच्या एका धर्मादाय दवाखान्यात ते रोज थोडा वेळ औषधे देण्याचे काम करीत, आणि १८९९ च्या बोअर युद्धात त्यांनी जखमींना वाहून नेणारे पथक उभारले होते. बाईंचे आणि त्यांचे जमले त्यामागे हा समान धागा असावा, असा आपला माझा तर्क.

चंपारणहून आल्यावर १९१८ साली बाईंनी दोन गोष्टी केल्या. मुंबईत हिंद महिला समाजाची स्थापना केली आणि गांधीजींचे मराठी चरित्र लिहून प्रसिद्ध केले. त्या चरित्राला प्रस्तावना लोकमान्य टिळकांची आहे. गांधीजींचे नाव अजून महाराष्ट्रात घरोघरी पोचलेले नव्हते, त्या वेळची ही गोष्ट. लग्नात पाटीवर अक्षरही न काढता येणारी मुलगी छत्तिसाव्या वर्षी चरित्रकार झाली.

मग आली १९२३ ची मुंबई महापालिकेची निवडणूक. स्त्रियांना तिथे नुकताच प्रवेश मिळाला होता आणि पहिल्याच खेपेला चौघीजणी निवडून आल्या. सरोजिनी नायडू, बच्चूबाई लोटवाला, श्रीमती हॉजकिन्सन आणि आपल्या अवंतिकाबाई. त्या वेळची मुंबई कशी होती ते पाहावे. १९२१ साली शहरात नोंदलेल्या दर हजार जन्मांमागे सहाशेहून अधिक बालके वर्षाच्या आत दगावल्याची नोंद आहे. पुष्कळ बायका बाळंतपणाला कोकणात जात, त्यांचे जन्म शहरात नोंदले जात नसत, त्यामुळे हा आकडा फुगलेला आहे हे मान्य. तरी एका खोलीच्या बिऱ्हाडात, धुरात आणि ओलीत पोरे मरत होती हे काही खोटे नव्हते. अशा शहराच्या कारभारात पाणी, संडास आणि सूतिकागृहे हेच तर मुख्य राजकारण! बाळंतपणे करणाऱ्या बाईला त्यातले कळणार नाही, तर कोणाला कळणार?

गिरणीतल्या बायकांना बाळंतपणाची रजा व भत्ता देणारा कायदा मुंबई इलाख्यात १९२९ साली झाला. डॉ. आंबेडकरांनी विधिमंडळात त्याचा पुरस्कार केला होता. पाठोपाठ १९३० साली मध्यप्रांताने, म्हणजे आपला वर्धा जिल्हा तेव्हा ज्यात होता त्या प्रांताने, तसाच कायदा केला.

त्याच १९३० साली सविनय कायदेभंगात अवंतिकाबाई तुरुंगात गेल्या. तेव्हा त्या पन्नाशीकडे झुकल्या होत्या. राजकारणाच्या या बाजूबद्दल बरेच लिहिले जाते, म्हणून मी थोडक्यात आटोपते.

हे वाचताना दक्षिण आफ्रिकेतल्या अल्बर्टिना सिसुलू यांची आठवण होते. जोहान्सबर्गला नर्स झालेली ही कृष्णवर्णीय स्त्री सुईणपणाची पेटी डोक्यावर घेऊन वस्त्यांतून पायी फिरत असे. काळ्या बायकांनी पास बाळगावा या सक्तीविरुद्ध ९ ऑगस्ट १९५६ रोजी सुमारे वीस हजार बायका प्रिटोरियाला धडकल्या. त्या मोर्चाच्या आघाडीला लिलियन न्गोयी होत्या, ज्यांनीही नर्सिंगचे शिक्षण घेतलेले होते, आणि मोर्चाच्या संघटकांत अल्बर्टिनाबाई होत्या. नवरा पाव शतक तुरुंगात, स्वतःवर बंदीहुकूम, आणि तरी १९९४ साली त्या संसदेत निवडून गेल्या. त्यांना ना जातीचा आधार होता ना वर्णाचा. आपल्याकडच्या दायांना अशी वाट कधी मिळाली, हे शोधायला हवे.

अवंतिकाबाई दरवर्षी गांधीजींच्या वाढदिवशी स्वतः कातलेल्या सुताचे धोतर भेट म्हणून पाठवीत. १९३६ पासून गांधीजींचा मुक्काम सेवाग्रामला, तेव्हा त्या धोतरांची वाट आपल्याच जिल्ह्याकडे वळली असणार. १९४९ साली, गांधीजींच्या पाठोपाठ वर्षभराने, अवंतिकाबाई वारल्या.

दिवाळीच्या सुटीत हे सारे मी मावशीला वाचून दाखवले. ती तांदूळ निवडत होती. टिळकांची प्रस्तावना, महापालिका, तुरुंग, सगळे तिने मान न उचलता ऐकले. एरंडेलाचा भाग आला तेव्हा मात्र हात थांबवून तिने विचारले की लहान पोरांना ते किती चमचे देत होते, लिहिले आहे का कुठे? मी म्हटले, नाही लिहिलेले. मग ते आधी लिहायला पाहिजे होते, असे म्हणून ती पुन्हा खडे वेचू लागली. पुढच्या निवडणुकीला ती पुन्हा उभी राहणार आहे.