नटवर्य चित्तूर नागय्या

सोंग उतरले म्हणजे नट मोकळा होतो. रंग पुसला, दाढीमिशा काढून ठेवल्या, की पडद्यावरचा राजा आपल्या साध्या बिऱ्हाडी परततो आणि पडद्यावरचा भिक्षेकरी मोटारीत बसून निघून जातो. कलेचा हा नियमच आहे व त्यात वावगे असे काही नाही. परंतु क्वचित एखादा नट असा निघतो, की त्याने घेतलेले सोंग त्याच्या अंगी मुरते. विरक्तांच्या भूमिका करता करता तो स्वतःच द्रव्याविषयी उदासीन होतो आणि त्या उदासीनतेची किंमतही पुरी मोजतो. तेलुगू चित्रपटसृष्टीतील चित्तूर नागय्या हे अशा दुर्मिळ नटांपैकी एक होत.

नागय्यांचा जन्म २८ मार्च १९०४ रोजी आंध्रातील गुंटूर जिल्ह्यात रेपल्ले या गावी झाला. त्यांचे घराण्याचे आडनाव वुप्पलदडियम. त्यांचे तरुणपण गेले ते मात्र चित्तूर येथे. हे गाव तेलुगू, तमिळ आणि कन्नड या तीन भाषांच्या सीमा जेथे जवळ येतात अशा मुलखात वसलेले आहे. त्या काळी हा सारा प्रदेश मद्रास इलाख्यात मोडत असे. तेथे रामविलास सभा नावाची एक नाट्यसंस्था होती. गोड गळा लाभलेल्या नागय्यांना या संस्थेने रंगभूमीवर आणले. स्त्रियांनी नाटकात काम करणे तेव्हा शिष्टसंमत नव्हते. महाराष्ट्रात बालगंधर्व स्त्रीभूमिकांनी रसिकांना वेड लावीत होते, त्याच सुमारास आंध्रातही तरुण नट लुगडे नेसून रंगमंचावर उभे राहत. नागय्यांनीही 'सारंगधर' नाटकात चित्रांगीची भूमिका केली. पुढे त्यांच्या नावाला चित्तूर गावाचे नाव कायमचे जोडले गेले, ते याच नाट्यसंस्थेमुळे.

नाटकावर पोट भरण्याचे ते दिवस नव्हते. नागय्यांनी काही काळ कचेरीत कारकुनी केली, वृत्तपत्रातही काम केले. मिठाच्या सत्याग्रहाने देश ढवळून निघाला, तेव्हा तेही त्या लढ्यात सामील झाले. ग्रामोफोनच्या तबकड्यांतून त्यांची गाणी घरोघरी पोहोचू लागली होती. तथापि संसारात त्यांना सुख लाभले नाही. घरच्या दुःखांनी मन विटले असता ते तिरुवण्णामलै येथे रमण महर्षींच्या आश्रमात जाऊन राहिले. तेथे त्यांच्या मनावर जो संस्कार झाला, तो पुढे पैसा आणि कीर्ती यांच्या झगमगाटातही पुसला गेला नाही.

त्यांचे चित्रपटातील पदार्पण तसे उशिराच झाले. १९३८ साली दिग्दर्शक एच. एम. रेड्डी यांच्या 'गृहलक्ष्मी' या चित्रपटात त्यांनी समाजसुधारकाची भूमिका केली, तेव्हा ते चौतीस वर्षांचे होते. बोलपटाचा तो बाल्यकाळ होता. नटाला आपले गाणे स्वतःच गावे लागे. त्यामुळे गायन आणि अभिनय हे दोन्ही गुण ज्याच्या ठायी असत, त्याला मोठा मान मिळे. नागय्यांच्या ठायी ते दोन्ही होतेच. शिवाय संगीताची रचना करण्याचे कसबही होते.

हे गुण नेमके हेरले ते बी. एन. रेड्डी यांनी. त्यांनी वाहिनी ही चित्रसंस्था काढली आणि १९३९ साली 'वंदे मातरम्' हा तिचा पहिला चित्रपट निर्माण केला. सुशिक्षित तरुणांच्या बेकारीची ती कथा होती. तिचे नायक आणि संगीतकारही नागय्याच होते. पुढच्याच वर्षी 'सुमंगली' आला. महाराष्ट्रात आगरकर आणि कर्वे यांनी विधवांच्या दुःखाविरुद्ध जसा झगडा मांडला, तसा आंध्रात कंदुकूरी वीरेशलिंगम् यांनी मांडला होता आणि १८८१ साली राजमहेंद्री येथे विधवाविवाह घडवून आणला होता. 'सुमंगली'तील वृद्ध सुधारकाच्या भूमिकेला त्यांच्याच चरित्राचा आधार होता. छत्तीस वर्षांच्या नागय्यांनी तो म्हातारा असा काही उभा केला, की वयाचा संशयही कोणाला आला नाही. नायकाच्या तारुण्याचा मोह सोडून पांढरे केस धारण करण्यास जो कचरत नाही, त्याला भूमिकेपुढे स्वतःचे रूप तुच्छ वाटत असले पाहिजे.

यानंतर १९४२-४३ च्या सुमारास के. व्ही. रेड्डी यांनी दिग्दर्शित केलेला 'भक्त पोतना' पडद्यावर आला. पोतना हा पंधराव्या शतकातील थोर कवी. त्याने भागवत तेलुगूत आणले. परंपरा अशी सांगते, की तो ग्रंथ आपणास अर्पण करावा अशी राजाची इच्छा होती. परंतु पोतनाने ती मानली नाही. त्याने आपले काव्य रामाला वाहिले आणि स्वतः नांगर धरून शेतीवर निर्वाह केला. ही भूमिका नागय्यांनी अत्यंत सौम्यपणे वठवली. हातवारे नाहीत, आरडाओरड नाही. मंद पण स्वच्छ बोलणे आणि भरून आलेले डोळे एवढ्यावरच त्यांची भिस्त असे. १९३६ सालच्या प्रभातच्या 'संत तुकाराम'नंतर मराठी प्रेक्षक विष्णुपंत पागनीसांकडे ज्या भावनेने पाहू लागले, त्याच भावनेने आंध्रातील भाविक नागय्यांकडे पाहू लागले. नट आणि संत यांतील सीमारेषा लोकांच्या मनात पुसट झाली.

आता पैसा भराभर येऊ लागला. दुसऱ्यांच्या चित्रांत काम करून मिळणाऱ्या मोबदल्यावर नागय्या थांबले नाहीत. त्यांनी रेणुका फिल्म्स ही स्वतःची संस्था स्थापन केली. तिच्या 'भाग्यलक्ष्मी' (१९४३) या चित्रपटात पडद्यावर एक नटी दिसत होती आणि गाणे दुसऱ्या गायिकेच्या कंठातून येत होते. तेलुगू चित्रपटातील पार्श्वगायनाचा आरंभ येथूनच झाला असे मानले जाते. मात्र या संस्थेचे नाव अजरामर झाले ते १९४६ सालच्या 'त्यागय्या'मुळे. त्याचे निर्माते, दिग्दर्शक आणि प्रमुख नट नागय्याच होते व संगीताचा भारही त्यांनीच वाहिला.

त्यागय्या म्हणजे संतसंगीतकार त्यागराज. १७६७ ते १८४७ हा त्यांचा काळ. कावेरीच्या तीरावर तिरुवैयारू येथे ते राहत आणि रामाच्या भक्तीत तेलुगू कीर्तने रचीत. तेथून जवळच तंजावर. तंजावरच्या गादीवर त्या वेळी मराठ्यांचे भोसले घराणे होते. राजे सरफोजी विद्येचे आणि कलांचे मोठे चाहते. दरबारातून त्यागराजांना मानाचे बोलावणे आणि द्रव्य आले. परंतु रामाचे गुण गाणाऱ्या वाणीने राजाची स्तुती करावयाची नाही, असा निश्चय करून त्यांनी ते परत पाठवले, अशी कथा आहे. घरी आलेली लक्ष्मी परतवली म्हणून त्यांच्या भावाने रागाच्या भरात त्यांच्या पूजेतील मूर्ती कावेरीत फेकून दिल्या असेही सांगतात. पैसा मोठा की साधना मोठी, हा प्रश्न या कथेच्या गाभ्याशी आहे. नागय्यांनी तो पडद्यावर मांडला आणि पुढे स्वतःच्या जीवनातही त्याला उत्तर दिले. त्यागराजांच्या नावाने त्यांनी तिरुवैयारू येथे यात्रेकरूंच्या सोयीसाठी एक निवासस्थान बांधले. ज्या संताच्या कथेने त्यांना धन दिले, त्या धनाचा काही भाग त्याच संताच्या गावी असा परत गेला.

१९४७ साली 'योगी वेमना' आला. वेमना हा लोककवी. विषयसुखात बुडालेल्या या तरुणाला भावाच्या लाडक्या मुलीच्या मृत्यूने जाग येते आणि तो घरदार सोडून निघून जातो, अशी या चित्रपटाची कथा. पोतना, त्यागय्या आणि वेमना या तीन भूमिका म्हणजे नागय्यांच्या कलेची तीन शिखरे होत. तिन्ही व्यक्तींचा स्वभाव वेगळा. पोतना शेतकरी कवी, त्यागय्या गायक, वेमना तर भोगातून वैराग्याकडे वळलेला. तिघांनाही निरनिराळा चेहरा देणे सोपे नव्हते. उलट, 'स्वर्गसीमा' (१९४५) या चित्रपटात त्यांनी नाटकातील नटीच्या मोहात पडून साध्वी पत्नीला विसरणारा दुबळा गृहस्थही तितक्याच खरेपणाने रंगवला. यावरून त्यांची कला केवळ भक्तिभावावर जगत नव्हती, हे दिसून येते.

तमिळ चित्रपटांतही त्यांचा असाच लौकिक होता. १९४१ च्या 'अशोककुमार'मध्ये ते सम्राट अशोक झाले. १९४५ च्या 'मीरा'त एम. एस. सुब्बुलक्ष्मी मीरा होत्या आणि नागय्या राणा. १९४८ साली जेमिनी स्टुडिओने 'चक्रधारी' हा तमिळ चित्रपट काढला. त्याची कथा तेरच्या आपल्या गोरोबाकाकांची होती. विठ्ठलनामात तल्लीन होऊन चिखल तुडवीत असता पायाखाली आपले मूल आले, याचेही भान न राहिलेला तो गोरा कुंभार नागय्यांनी तमिळ प्रेक्षकांपुढे उभा केला. पुढे १९५७ च्या 'पांडुरंग माहात्म्यम्' या तेलुगू चित्रपटात ते पुंडलिकाचे वडील झाले. अशा रीतीने पंढरीच्या भक्तिपरंपरेचा सुगंध दूर दक्षिणेत पोहोचवण्याच्या कामी त्यांचाही हात लागला.

या वैभवाच्या काळात मद्रासमधील नागय्यांचे घर म्हणजे एक अन्नछत्रच होते. कामाच्या शोधात आलेले होतकरू नट, गावाकडचे ओळखीचे आणि अनोळखी लोक, कोणीही यावे आणि पंक्तीला बसावे. कोणाला मुलीच्या लग्नाची अडचण, कोणाला औषधपाण्याची. मागणारा खरा की खोटा, याची चौकशी करण्याची त्यांची वृत्ती नव्हती. देताना हात मोजून द्यावा, उद्याची तरतूद करून द्यावे, हे शहाणपण त्यांच्याजवळ नव्हते. व्यवहाराच्या दृष्टीने हा दोषच म्हटला पाहिजे.

चित्रपटनिर्मितीचा धंदा तर असा हिशेबीपणा पदोपदी मागणारा. चित्र पूर्ण होऊन प्रदर्शित होईपर्यंत निर्मात्याचे भांडवल गुंतून पडते. काम लांबले तर व्याज वाढत जाते, आणि प्रेक्षकांनी पाठ फिरवली तर केलेला खर्च परत येत नाही. १९५३ साली नागय्यांनी 'ना इल्लू' म्हणजे 'माझे घर' हा चित्रपट तेलुगू आणि तमिळ अशा दोन भाषांत काढला. एकीकडे निर्मितीचा भार आणि दुसरीकडे न आवरणारा दानधर्म, यांच्या ओढाताणीत त्यांची संपत्ती ओसरत गेली. त्यातच काळही पालटला. नव्या तरुण नायकांचे युग सुरू झाले. पार्श्वगायनाची पद्धत रूढ झाल्यामुळे गाणाऱ्या नटाचे महत्त्व उरले नाही. एके काळी ज्यांच्या नावावर चित्रपट चालत, त्या नागय्यांना आता बाप, आजोबा, ऋषी अशा दुय्यम भूमिका पतकराव्या लागल्या. परंतु त्यांतही त्यांनी कधी कसूर केली नाही. १९६३ च्या 'लवकुश'मधील त्यांचा वाल्मीकी पाहिला, म्हणजे लहान भूमिकाही केवढी मोठी करता येते हे कळते.

तरीही एक भक्तकथा त्यांच्या मनात घर करून होती. भद्राचलमचा रामदास हा गोवळकोंड्याच्या सुलतानाचा महसूल गोळा करणारा अधिकारी. त्याने सरकारी वसूल रामाचे मंदिर बांधण्यात खर्च केला आणि त्यासाठी वर्षानुवर्षे बंदिवास भोगला. ही कथा नागय्यांनी स्वतः दिग्दर्शित केली आणि १९६४ साली 'रामदासू' प्रदर्शित झाला. लोककथेत राम आणि लक्ष्मण वेष पालटून येतात आणि भक्ताचे सारे देणे सुलतानापुढे मोजून ठेवतात. नागय्यांच्या आयुष्यात मात्र असे कोणी आले नाही. त्या चित्राने त्यांची विस्कटलेली घडी सावरली नाही. १९६५ साली भारत सरकारने पद्मश्री देऊन त्यांच्या कलेचा गौरव केला. परंतु पदवीने मान मिळतो, चूल पेटत नाही. ज्यांच्या घरी शेकडो लोक जेवून गेले, त्यांनी उतारवयात मिळेल त्या मोबदल्यावर मिळेल ती भूमिका केली. दैवाला किंवा माणसांना बोल लावीत बसणे मात्र त्यांना ठाऊक नव्हते.

३० डिसेंबर १९७३ रोजी मद्रास येथे त्यांचे निधन झाले. पुढे त्याच शहरातील त्यागरायनगर भागात, पनगल पार्कमध्ये, त्यांचा पुतळा उभारण्यात आला.

नागय्यांच्या जीवनाचा हिशेब मांडू गेल्यास जमेची बाजू रिकामी दिसेल. त्यांनी पैसा सांभाळला असता, तर अखेरचे दिवस सुखात गेले असते यात शंका नाही. आणि स्वतःच्या भविष्याची तरतूद करणे हे काही पाप नव्हे. त्यांच्या आयुष्याकडून हा धडा अवश्य घ्यावा. परंतु तेवढाच घेतला, तर त्यांना ओळखले असे होणार नाही. राजाचे द्रव्य परतवणारा पोतना आणि त्यागय्या त्यांनी पडद्यावर दाखवले, तेव्हा हजारो लोकांनी डोळे पुसले आणि घरी जाऊन ते पुन्हा आपल्या व्यवहाराला लागले. तो बोध मनापासून खरा मानणारा एक माणूस मात्र त्या चित्रपटातच होता. तो माणूस म्हणजे स्वतः नागय्या.