प्रल्हाद केशव अत्रे आणि ‘तो मी नव्हेच’
प्रल्हाद केशव अत्रे ऊर्फ आचार्य अत्रे (१३ ऑगस्ट १८९८ - १३ जून १९६९) हे मराठी नाटककार, विडंबनकार, शिक्षणतज्ज्ञ, चित्रपट-दिग्दर्शक, पत्रकार व संयुक्त महाराष्ट्र चळवळीतील अग्रणी नेते होते. विनोदी नाटककार म्हणून ख्याती पावलेल्या अत्र्यांचे ‘तो मी नव्हेच’ हे न्यायालयीन रहस्यनाट्य मराठी रंगभूमीवर सर्वाधिक काळ चाललेल्या नाटकांपैकी एक आहे.

पूर्वायुष्य
अत्र्यांचा जन्म पुणे जिल्ह्यात सासवडजवळील कोडीत येथे झाला. पुण्याच्या फर्ग्युसन महाविद्यालयातून पदवी घेतल्यावर त्यांनी शिक्षकी पेशा पत्करला आणि १९२८ साली लंडन येथे शिक्षणशास्त्राची पदविका मिळवली. पुण्यात ते मुख्याध्यापक होते. ‘केशवकुमार’ या टोपणनावाने लिहिलेल्या ‘झेंडूची फुले’ (१९२५) या विडंबनकाव्यसंग्रहाने त्यांना प्रथम प्रसिद्धी मिळाली.

नाटके, चित्रपट व पत्रकारिता
‘साष्टांग नमस्कार’ (१९३३) या प्रहसनाने त्यांचे नाव रंगभूमीवर झाले. ‘घराबाहेर’ (१९३४) व ‘उद्याचा संसार’ (१९३६) या गंभीर नाटकांत त्यांनी कुटुंबातील स्त्रीची कुचंबणा मांडली, तर ‘लग्नाची बेडी’ (१९३६) हे नाटक पुन्हा विनोदी होते. ‘ब्रह्मचारी’ (१९३८) या चित्रपटाची कथा त्यांचीच होती. त्यांनी दिग्दर्शित केलेल्या ‘श्यामची आई’ (१९५३) या चित्रपटास राष्ट्रपतींचे पहिले सुवर्णपदक मिळाले. १९४० साली त्यांनी ‘नवयुग’ साप्ताहिक व १९५६ साली ‘मराठा’ दैनिक सुरू केले. ‘मराठा’ हे संयुक्त महाराष्ट्र चळवळीचे प्रमुख मुखपत्र ठरले.

‘तो मी नव्हेच’
नावे व वेश बदलून अनेक स्त्रियांना फसवणाऱ्या माधव काझी याच्या गाजलेल्या खटल्यावरून अत्र्यांनी हे नाटक रचले. निपाणीचा तंबाखू व्यापारी लखोबा लोखंडे हा आरोपीच्या पिंजऱ्यात उभा असून स्वतःचा बचाव स्वतःच करतो. साक्षीदार एकामागून एक येऊन त्याला निरनिराळ्या नावांनी ओळखतात आणि तो प्रत्येक वेळी ती ओळख नाकारतो. गुन्हेगार कोण, हे प्रेक्षकांना ठाऊक असते. फसवल्या गेलेल्या स्त्रियांची साक्ष त्याच्या निर्ढावलेल्या नकारापुढे टिकेल काय, यातच नाटकाचे रहस्य आहे. आरोपीचे गाव निपाणी हे १९६० साली महाराष्ट्र राज्य स्थापन झाल्यावरही सीमेपलीकडे राहिले होते. लखोबाच्या तोंडची कानडी वळणाची मराठी त्या सीमाभागातलीच आहे.

रंगभूमीवरील वाटचाल
‘नाट्यनिकेतन’ संस्थेने मो. ग. रांगणेकर यांच्या दिग्दर्शनाखाली ८ ऑक्टोबर १९६२ रोजी दिल्ली येथे पहिला प्रयोग केला. प्रभाकर पणशीकर यांनी लखोबा लोखंडे, दिवाकर दातार, कॅप्टन अशोक परांजपे, दाजीशास्त्री दातार व राधेश्याम महाराज अशी पाच रूपे साकारली. न्यायालयातून साक्षीदाराने सांगितलेल्या प्रसंगात तत्काळ जाता यावे म्हणून फिरत्या रंगमंचाचा वापर करण्यात आला. रंगमंच फिरेपर्यंतच्या अल्प अवधीत पणशीकरांना वेश, बोली व चालणे पालटावे लागे. त्यांनी या नाटकाचे दोन हजारांहून अधिक प्रयोग केले. पुढे आपल्या आत्मचरित्रास त्यांनी ‘तोच मी’ असे नाव दिले. त्यांच्या पश्चात डॉ. गिरीश ओक यांनी लखोबाची भूमिका केली.

चित्रपट-रूपांतरे
या नाटकावर आधारित ‘वो मैं नहीं’ हा हिंदी चित्रपट १९७४ साली आला. दिग्दर्शक मोहन सैगल, तर नायक नवीन निश्चल होते. त्याच वर्षी के. बालचंदर यांनी तमिळमध्ये ‘नान अवनिल्लै’ हा चित्रपट काढला. त्यातील भूमिकेसाठी जेमिनी गणेशन यांना फिल्मफेअर पुरस्कार मिळाला. २००७ साली या तमिळ चित्रपटाची नवी आवृत्ती निघाली.

निधन
१३ जून १९६९ रोजी मुंबई येथे अत्र्यांचे निधन झाले. हिंदी व तमिळ पडद्यावरील ही रूपांतरे त्यांच्या हयातीनंतरची आहेत. ‘कऱ्हेचे पाणी’ हे त्यांचे आत्मचरित्र अनेक खंडांत प्रसिद्ध आहे.