ज्युलिया प्लॅट: नोकरी न मिळालेल्या शास्त्रज्ञ महापौर झाल्या आणि समुद्राचा एक तुकडा वाचला

अमेरिकेत सॅन फ्रान्सिस्कोच्या दक्षिणेला मॉन्टेरे नावाचा उपसागर आहे. तिथल्या किनाऱ्यावर गेलं की पाठीवर पडून, पोटावर दगड ठेवून शिंपले फोडणारी समुद्री पाणमांजरं दिसतात. पाण्याखाली केल्पची जंगलं आहेत. केल्प म्हणजे झाडासारखं उंच वाढणारं समुद्रशेवाळ. हे बघायला दरवर्षी लाखो लोक येतात.

१९३० च्या दशकात मात्र याच किनाऱ्यावर नाक दाबून चालावं लागायचं. मासळी डबाबंद करणाऱ्या कारखान्यांची घाण थेट पाण्यात जायची. पाणमांजरं तर तिथून कधीच संपली होती.

हा उपसागर पुन्हा कसा जिवंत झाला? त्याची कारणं अनेक आहेत. पण त्यातलं एक सत्तरी ओलांडलेल्या एका महापौर बाईंपर्यंत जातं. त्यांचं नाव ज्युलिया प्लॅट. समुद्रातली राखीव क्षेत्रं नेमकं काय करतात आणि काय करू शकत नाहीत, हे समजून घ्यायचं असेल तर त्यांची गोष्ट माहिती असायला हवी.

शिकायचं होतं, पण दार बंद होतं

ज्युलिया बार्लो प्लॅट यांचा जन्म १८५७ मध्ये सॅन फ्रान्सिस्कोमध्ये झाला. त्या वाढल्या मात्र देशाच्या दुसऱ्या टोकाला, व्हरमाँट राज्यात. १८८२ मध्ये त्यांनी व्हरमाँट विद्यापीठातून पदवी घेतली आणि प्राणीशास्त्राच्या पुढच्या अभ्यासासाठी हार्वर्ड गाठलं.

त्या काळात हार्वर्ड मुलींना पदवी देत नव्हतं. मुलींनी शिकायचं ते ‘हार्वर्ड ॲनेक्स’ या वेगळ्या सोयीतून. ज्युलिया तिथल्या प्राणीशास्त्राच्या संग्रहालयात संशोधन करत होत्या, पण कितीही काम केलं तरी हाती डॉक्टरेट येणार नव्हती.

मग त्यांनी जर्मनी गाठली. तिथेही विद्यापीठांचे दरवाजे बायकांसाठी जेमतेम उघडत होते. वेगवेगळ्या प्रयोगशाळांत काम करत अखेर १८९८ मध्ये त्यांनी फ्रायबुर्ग विद्यापीठाची डॉक्टरेट मिळवली. जर्मन विद्यापीठातून ही पदवी मिळवणाऱ्या सुरुवातीच्या मोजक्या स्त्रियांपैकी त्या एक होत्या.

शोध बरोबर होता, पण कोणी मानला नाही

त्यांचा विषय होता भ्रूणशास्त्र, म्हणजे अंड्यातल्या किंवा पोटातल्या जीवाचे अवयव कसे घडतात याचा अभ्यास. त्यांनी शार्क आणि कोंबडीपासून सॅलमँडरच्या गटातल्या उभयचर प्राण्यांपर्यंत अनेकांची भ्रूणं तपासली. शार्कच्या भ्रूणात डोक्याच्या भागात त्यांना सापडलेली एक पोकळी आजही त्यांच्याच नावाने ओळखली जाते.

भ्रूणात सुरुवातीला पेशींचे तीन थर असतात. बाहेरच्या थरातून त्वचा आणि मेंदू बनतो, तर हाडं आणि कूर्चा मधल्या थरातूनच बनतात, असा तेव्हा ठाम समज होता. ज्युलिया यांनी १८९३ मध्ये मांडलं की डोक्यातली काही कूर्चा बाहेरच्या थरातल्या पेशींपासून बनते. हे मान्य केलं असतं तर पाठ्यपुस्तकं बदलावी लागली असती. अनेक शास्त्रज्ञांनी त्यांचा निष्कर्ष फेटाळून लावला.

पुढच्या शतकात प्रयोग होत गेले आणि त्यांचंच म्हणणं खरं ठरलं. पण त्याचा त्यांना उपयोग झाला नाही. डॉक्टरेट, प्रकाशित संशोधन, युरोपातला अनुभव हे सगळं असूनही अमेरिकेतल्या विद्यापीठात त्यांना प्राध्यापकाची नोकरी मिळाली नाही. मॉन्टेरेच्या काठावर स्टॅनफर्ड विद्यापीठाचं हॉपकिन्स सागरी केंद्र होतं. ज्युलिया यांनी स्टॅनफर्डच्या अध्यक्षांकडेही कामासाठी शब्द टाकून पाहिला, पण काम काही मिळालं नाही.

१८९९ मध्ये, वयाच्या चाळिशीत, त्या हॉपकिन्स केंद्र ज्या गावात होतं त्या पॅसिफिक ग्रोव्हमध्ये राहायला आल्या. त्यांचं विज्ञानातलं करिअर तिथेच थांबलं.

गावाच्या कारभारात शास्त्रज्ञ बाई

विज्ञानाचं दार बंद झाल्यावर ज्युलिया यांनी गावाच्या कारभारात लक्ष घातलं. लव्हर्स पॉइंट नावाच्या टोकावर त्यांनी बाग फुलवली. गावाच्या सभांना जाऊन त्या प्रश्न विचारू लागल्या. १९२७ मध्ये पॅसिफिक ग्रोव्हची नवी सनद, म्हणजे शहराचा कारभार कसा चालावा याचे मूळ नियम तयार झाले, त्यातही त्यांचा मोठा वाटा होता.

त्यांचा सगळ्यात गाजलेला किस्सा लव्हर्स पॉइंटच्या फाटकाचा. तिथल्या स्नानगृहाच्या मालकाने समुद्राकडे जाणारी वाट फाटक लावून बंद केली. किनारा सगळ्यांचा आहे आणि तिथे जायचा लोकांना हक्क आहे, असं ज्युलिया यांचं म्हणणं होतं. त्यांनी आधी कुलूप तोडलं. फाटक पुन्हा पक्कं केल्यावर त्या कुऱ्हाड घेऊन गेल्या आणि लोकांसमोर ते फोडलं. वर हे आपण का केलं याची पाटीही तिथे स्वतःच्या नावाने लावली.

१९३१ मध्ये त्या निवडणुकीला उभ्या राहिल्या आणि पॅसिफिक ग्रोव्हच्या पहिल्या महिला महापौर झाल्या.

लढाई कारखान्यांशी होती

पॅसिफिक ग्रोव्हला लागूनच मॉन्टेरे शहर आहे. विसाव्या शतकाच्या सुरुवातीपासून तिथे सार्डिन डबाबंद करणारे कारखाने उभे राहिले. सार्डिन म्हणजे आपल्याकडच्या तारलीच्या भाऊबंदांतला मासा. पहिल्या महायुद्धात डबाबंद मासळीची मागणी वाढली आणि कारखान्यांची रांगच लागली. याच रस्त्यावर बेतलेली जॉन स्टाइनबेक यांची ‘कॅनरी रो’ कादंबरी १९४५ मध्ये आली.

कारखान्यांतून माशांची डोकी, आतडी आणि तेलकट पाणी उपसागरात जायचं. उरलेल्या माशांची भुकटी करून खत आणि कोंबडीखाद्य बनवायचे, त्याचा वास गावभर पसरायचा. ज्युलिया यांनी याविरुद्ध आवाज उठवला. पण कारखान्यांकडे पैसा होता आणि हजारो लोकांचा रोजगार त्यांच्यावर अवलंबून होता. ते बंद करणं एका छोट्या गावाच्या महापौरांच्या हातात नव्हतं.

मग त्यांनी आपल्या हातात काय आहे ते पाहिलं. कारखाने मॉन्टेरेच्या हद्दीत होते, पण पॅसिफिक ग्रोव्हचा खडकाळ किनारा त्यांच्या गावाचा होता.

१९३१ मध्ये नेमकं काय झालं?

किनाऱ्यालगतच्या पाण्यावर अधिकार असतो राज्याचा. गावाला तिथे नियम करता येत नाहीत. म्हणून ज्युलिया राजधानी सॅक्रामेंटोपर्यंत गेल्या आणि किनाऱ्यालगतच्या समुद्राचा ताबा पॅसिफिक ग्रोव्हला देणारा कायदा राज्याकडून करून घेतला. एखाद्या गावाला असा अधिकार मिळणं ही अगदी अपवादाची गोष्ट होती.

त्याच सुमारास दोन राखीव क्षेत्रं तयार झाली. एक हॉपकिन्स सागरी केंद्राच्या समोर. तिथून संशोधनासाठी शास्त्रज्ञ सोडले तर कोणीही काही उचलायचं नाही. दुसरं पॅसिफिक ग्रोव्हच्या बाकीच्या किनाऱ्यालगत. तिथे खडकांवरचे शिंपले, गोगलगायीच्या वर्गातले प्राणी, समुद्रवनस्पती यांना संरक्षण मिळालं.

क्षेत्र छोटंच होतं. सार्डिनची पकड तेव्हा वाढतच होती आणि उपसागर संपेल असं कोणालाही वाटत नव्हतं. म्हणजे संकट पूर्ण यायच्या आधीच हा तुकडा बाजूला काढून ठेवला गेला.

राखीव क्षेत्र काम कसं करतं?

इथे ज्युलिया यांचा जुना विषय पुन्हा येतो. खडकाला चिकटून राहणारे बहुतेक समुद्री प्राणी मोठे झाले की फारसे हलत नाहीत. पण त्यांची पिल्लं, म्हणजे लार्व्हा, अंड्यातून बाहेर पडल्यावर काही दिवस किंवा आठवडे पाण्यात तरंगतात. प्रवाह त्यांना दूर नेतो. जागा मिळाली की ती तिथे चिकटतात आणि वाढू लागतात. आयुष्यभर भ्रूणं तपासलेल्या बाईंना हे वेगळं सांगायची गरज नव्हती.

आता एखाद्या ठिकाणी प्राणी पकडायला बंदी केली, तर तिथले प्राणी जास्त जगतात आणि जास्त मोठे होतात. मोठी मादी छोट्या मादीपेक्षा कितीतरी पट जास्त अंडी घालते. ती अंडी आणि लार्व्हा राखीव क्षेत्राची हद्द मानत नाहीत. त्या बाहेर जातात आणि ओसाड झालेल्या किनाऱ्यावरही नवी वस्ती करतात.

शेतकरी पुढच्या पेरणीसाठी बियाणं बाजूला ठेवतो, तसंच हे आहे. दुष्काळ आला तरी बियाणं खायचं नसतं.

सार्डिन संपला, पाणमांजरं परतली

१९४० च्या दशकाच्या अखेरीस सार्डिनचे थवे दिसेनासे झाले. बेसुमार मासेमारी आणि समुद्रातले नैसर्गिक बदल या दोन्हींचा तो परिणाम होता. एकेक कारखाना बंद पडत गेला. शेवटचा कारखाना १९७३ मध्ये बंद झाला. रोजगार गेला, पण पाण्यात पडणारी घाणही थांबली.

त्याच काळात दुसरी एक गोष्ट घडत होती. मऊ, दाट कातड्यासाठी समुद्री पाणमांजरांची एवढी शिकार झाली होती की कॅलिफोर्नियातून ती नामशेष झाली, असं लोक समजत होते. १९११ च्या आंतरराष्ट्रीय कराराने शिकारीला आळा बसला आणि १९३८ मध्ये दक्षिणेकडच्या बिग सर किनाऱ्यावर त्यांचा एक कळप लोकांच्या नजरेस पडला. तो हळूहळू वाढत, पसरत १९६० च्या दशकाच्या सुरुवातीला मॉन्टेरेला पोहोचला.

पाणमांजराच्या अंगावर देवमाशासारखा चरबीचा थर नसतो. थंड पाण्यात तग धरायला त्याला रोज स्वतःच्या वजनाच्या जवळपास पाव भाग एवढं खावं लागतं. किनारा रिकामा असता तर ते तिथे टिकलंच नसतं. पण ज्युलिया यांनी राखलेल्या पट्ट्यात खाद्य शिल्लक होतं. हॉपकिन्स केंद्रातले शास्त्रज्ञ स्टीफन पॅलुंबी यांनी आपल्या पुस्तकात याच मुद्द्यावर भर दिला आहे.

पुढची साखळी अशी. पाणमांजरं सी-अर्चिन नावाचे गोल, काटेरी प्राणी खातात. सी-अर्चिन केल्प कुरतडतात. सी-अर्चिन कमी झाले तसं केल्प वाढलं आणि केल्पच्या आसऱ्याने मासे वाढले. १९८४ मध्ये त्या शेवटच्या कारखान्याच्या जागेवर ‘मॉन्टेरे बे ॲक्वेरियम’ उघडलं.

राखीव क्षेत्राने काय होत नाही?

ही बाजूही तितकीच महत्त्वाची आहे. ज्युलिया यांचं राखीव क्षेत्र सार्डिनला वाचवू शकलं नाही. शेकडो किलोमीटर फिरणाऱ्या माशाला छोट्या पट्ट्याचा उपयोग नसतो. त्यासाठी मासेमारीवरच मर्यादा लागते. प्रदूषणही हद्द पाहून थांबत नाही.

तापमानाचंही तसंच. १९३१ ते १९३३ या काळात विलिस ह्युएट या संशोधकाने हॉपकिन्ससमोरच्या राखीव खडकांवरच्या एका अरुंद पट्ट्यातले प्राणी मोजून ठेवले होते. साठेक वर्षांनी शास्त्रज्ञांनी त्याच जागेवर पुन्हा मोजणी केली. दक्षिणेकडच्या उबदार पाण्यातल्या ९ पैकी ८ प्रजाती वाढल्या होत्या, तर उत्तरेकडच्या थंड पाण्यातल्या ८ पैकी ५ घटल्या होत्या. किनाऱ्यालगतच्या पाण्याचं सरासरी तापमान ०.७५ अंश सेल्सिअसने वाढलं होतं.

राखीव क्षेत्र हा बदल थांबवू शकलं नाही. पण तिथे माणसाचा हात कमी लागला होता, म्हणूनच हा बदल तापमानाशी जोडता आला. उघड्या किनाऱ्यावर प्राणी का घटले, पकडल्यामुळे की पाणी तापल्यामुळे, हे सांगणं फार अवघड गेलं असतं.

शेवटचा प्रवासही समुद्रातच

महापौरपदानंतर ज्युलिया फार जगल्या नाहीत. १९३५ मध्ये त्यांचं निधन झालं. त्यांच्या इच्छेप्रमाणे त्यांचा देह खोल समुद्रात नेऊन पाण्याच्या स्वाधीन करण्यात आला. तेव्हा कारखाने जोरात चालू होते आणि पाणमांजरं मॉन्टेरेला परतली नव्हती. आपण राखलेल्या पट्ट्याचा उपयोग होतो की नाही, हे त्यांना कधीच कळलं नाही.

पुढे कॅलिफोर्नियाने हीच कल्पना मोठ्या प्रमाणावर राबवली. १९९२ मध्ये संपूर्ण मॉन्टेरे उपसागराला राष्ट्रीय सागरी अभयारण्याचा दर्जा मिळाला. त्याने तिथे तेलविहिरी खोदायला बंदी आली, मासेमारीला सरसकट नाही. मग १९९९ च्या कायद्यानुसार राज्याने किनाऱ्यालगत राखीव क्षेत्रांचं जाळं विणायला घेतलं. आज त्यात १२४ क्षेत्रं असून राज्याच्या ताब्यातल्या समुद्राचा सुमारे १६ टक्के भाग येतो. एका क्षेत्रातून निघालेल्या लार्व्हा दुसऱ्यापर्यंत पोहोचाव्यात, अशा हिशेबाने त्यांच्यातली अंतरं ठरवली आहेत.

त्यातल्या एका क्षेत्रातून काहीही पकडायला किंवा उचलायला बंदी आहे. ते आहे लव्हर्स पॉइंटला, जिथलं फाटक ज्युलिया यांनी कुऱ्हाडीने फोडलं होतं. आता त्याचं अधिकृत नाव लव्हर्स पॉइंट-ज्युलिया प्लॅट राज्य सागरी राखीव क्षेत्र असं आहे. किनाऱ्यावर जायला आजही कोणाला अडवलं जात नाही.