कापडाचा राजवाडा बांधणारे दादासाहेब फाळके



सुट्टीनंतर शाळा सुरू झाली की मुलांच्या गप्पांत हल्ली एक विषय हमखास असतो. मोबाईलवर पाहिलेला सिंड्रेलाचा महाल! अमेरिकेत फ्लोरिडाच्या डिस्ने वर्ल्डमध्ये हा महाल आहे. त्याच्या आत पाहुण्यांना एक रात्र राहता येईल अशी परीकथेतली आलिशान खोलीही आहे. ती एरवी पैसे देऊन मिळत नाही, बक्षीस म्हणून मिळते. मुलं विचारतात, सर, तो महाल खरा दगडाचा असतो का हो?

नाही. आत लोखंड आणि काँक्रीट, बाहेरून फायबरग्लास. वरचे मजले मुद्दाम लहान मापाचे केलेत, म्हणजे खालून पाहणाऱ्याला महाल आहे त्यापेक्षा उंच वाटतो. गोष्टीतलं घर बांधायचं तर आधी डोळ्याला फसवायला शिकावं लागतं.

ही विद्या आपल्याकडे केव्हा आली? डिस्नेलँड सुरू झालं 1955 साली. त्याच्या 42 वर्षं आधी आपल्या दादरमध्ये एका माणसाने राजवाडा उभा केला होता, तोही कापडावर रंगवून. धुंडिराज गोविंद फाळके, म्हणजेच दादासाहेब फाळके. भारतीय चित्रपटाचे जनक ही त्यांची ओळख पाठ्यपुस्तकात असते. आज त्यांच्याकडे जरा वेगळ्या बाजूने पाहूया.

बालपण आणि शिक्षण

दादासाहेबांचा जन्म 30 एप्रिल 1870 रोजी त्र्यंबकेश्वरला झाला. वडील संस्कृतचे विद्वान. त्यांना मुंबईत विल्सन कॉलेजात शिकवण्याची नोकरी मिळाली आणि घर मुंबईला आलं. अशा शास्त्र्यांच्या घरातला मुलगा 1885 साली जे. जे. कलाशाळेत चित्रकला शिकायला गेला. पुढे बडोद्याच्या कलाभवनात तो चित्रं काढायला, छायाचित्रं घ्यायला, साचे आणि नमुने बनवायला शिकला. 1892 च्या अहमदाबादच्या औद्योगिक प्रदर्शनात त्याला सुवर्णपदक मिळालं. कशासाठी, माहीत आहे? आदर्श नाट्यगृहाचा छोटा नमुना बनवल्याबद्दल!

पालकहो, इथे क्षणभर थांबा. बावीस वर्षांचा तरुण खेळण्याएवढं नाट्यगृह करत बसलाय. आपल्या घरात असं कुणी पुठ्ठे कापत बसलं तर आपण काय म्हणतो, ते आठवून पाहा.

पुढची वर्षं सरळ गेली नाहीत. गोध्र्याला त्यांनी फोटोग्राफीचा धंदा सुरू केला. प्लेगने पहिली पत्नी आणि मूल हिरावून नेलं. 1902 साली सरस्वतीबाईंशी दुसरं लग्न झालं. पुरातत्त्व खात्यात छायाचित्रकार आणि आराखडे काढणारा म्हणून नोकरी लागली, ती काही वर्षांत सोडली. मग ब्लॉक बनवण्याचा आणि छपाईचा कारखाना काढला, तो पुढे दादरला आणला. कारखाना नावारूपाला आला, पण भागीदारांशी बिनसलं आणि दादासाहेब हात हलवत बाहेर पडले. मधल्या काळात ते जादूचे प्रयोगही करायचे. नाव घ्यायचे प्रोफेसर केळफा. मुलांना हे नाव उलटं वाचायला सांगा, वर्ग हसतो की नाही बघा!

गिरगावातला तंबू आणि डोळ्यांवरचं संकट

चाळिशी उलटलेली, हाताला काम नाही. अशा वेळी 1911 च्या सुमारास गिरगावात त्यांनी येशू ख्रिस्ताच्या जीवनावरचा मूकपट पाहिला. पडद्यावर परदेशी देवाची गोष्ट चालू होती आणि यांच्या डोळ्यांसमोर राम आणि कृष्ण उभे राहत होते. मग ध्यासच घेतला. रात्री-अपरात्री फिल्मचे तुकडे तपासायचे, पुस्तकं वाचायची, झोप नाही. डोळ्यांवर इतका ताण आला की काही काळ दिसेनासं झालं. उपचारांनी दृष्टी परत आली, हे नशीबच.

1912 च्या फेब्रुवारीत ते लंडनला गेले, तंत्र समजून घेतलं, विल्यमसन कॅमेऱ्याची मागणी नोंदवली आणि दोन महिन्यांत परतले. पैसे लावणाऱ्यांची खात्री पटावी म्हणून त्यांनी कुंडीत वाटाणा पेरला. रोज थोडं थोडं चित्रण करून रोपाची वाढ पडद्यावर मिनिटाभरात दाखवली. शिक्षकमित्रांनो, विज्ञानाच्या तासाला याहून चांगला दाखला कुठला?

तरीही पैसा पुरला नाही. सरस्वतीबाईंचे दागिने गेले. घर पणाला लागलं म्हणतात ते हेच.

दादरचा राजवाडा

आता आपल्या मूळ मुद्द्याकडे येऊ. ‘राजा हरिश्चंद्र’साठी अयोध्येचा दरबार हवा होता. खराखुरा राजवाडा भाड्याने घेण्याची ऐपत नव्हती. दादासाहेबांनी दादरच्या मथुरा भवनातच स्टुडिओ थाटला आणि महाल, रान, डोंगर पडद्यांवर रंगवून घेतले.

कापडाचा महाल खरा कसा वाटतो? जवळचे खांब जाड आणि उंच, लांबचे बारीक आणि बुटके काढले की सपाट कापडाला खोली येते. हे झालं चित्रकलेचं गणित. पण पुढे आणखी अडचण होती. त्या काळच्या फिल्मवर लाल रंग काळपट उमटायचा आणि निळा फिका पडायचा. म्हणजे डोळ्याला सुंदर दिसणारा दरबार पडद्यावर भलताच दिसू शकायचा. रंग निवडताना कॅमेऱ्याच्या डोळ्याने बघावं लागे. चित्रण सूर्यप्रकाशात चालायचं. उजेड कमी पडला की सरस्वतीबाई पांढऱ्या चादरी धरून उभ्या राहायच्या, म्हणजे ऊन परावर्तित होऊन नटांच्या तोंडावर यायचं. सगळ्या मंडळींचा स्वयंपाक त्याच करायच्या, आणि रात्री अंधारात कच्च्या फिल्मला भोकं पाडण्याचं कामही त्यांच्याकडेच असे.

राणी तारामतीच्या भूमिकेला कुणी बाई तयार होईना. शेवटी ग्रँट रोडच्या एका खानावळीत काम करणारा अण्णा साळुंके नावाचा तरुण सापडला. तिथे त्याला महिना दहा रुपये मिळायचे, दादासाहेबांनी पंधरा देऊ केले. राजपुत्र झाला त्यांचा स्वतःचा मुलगा भालचंद्र. वांगणीला बाहेरचं चित्रण चालू असताना तो पडला, डोक्याला मार लागून बेशुद्ध झाला. आणि राजपुत्राच्या मृत्यूचा प्रसंग त्याच अवस्थेत चित्रित केला गेला, असं सांगतात. मुलगा पुढे बरा झाला. तरी हा प्रसंग सांगताना माझा आवाज दरवेळी अडखळतो. ध्यास मोठा असतो हे खरं, पण त्याची किंमत घरातली लहान माणसंही मोजतात. मुलांपुढे थोरांची गोष्ट ठेवताना ही बाजू झाकू नये, असं मला वाटतं.

सुमारे सात महिने खपून चित्रपट तयार झाला. 3 मे 1913 रोजी गिरगावातल्या कॉरोनेशन सिनेमात तो लोकांसमोर आला. कापडाचा राजवाडा लोकांनी खरा मानला!

पुढचा प्रवास

त्यानंतर दादासाहेब नाशिकला गेले. ‘मोहिनी भस्मासुर’मध्ये दुर्गाबाई कामत आणि त्यांची मुलगी कमलाबाई यांनी काम केलं आणि पडद्यावर प्रथमच स्त्रिया दिसल्या. 1917 च्या ‘लंका दहन’मध्ये साळुंकेंनी राम आणि सीता दोन्ही रंगवले. 1919 च्या ‘कालिया मर्दन’मध्ये मुलगी मंदाकिनी बाळकृष्ण झाली. उडणारा हनुमान, डोहातला नाग, सगळं कॅमेऱ्याच्या करामतीने. जादूगार केळफा कामी आला तो असा.

मग बोलपट आले, काळ बदलला. 1937 चा ‘गंगावतरण’ हा त्यांचा शेवटचा चित्रपट. 16 फेब्रुवारी 1944 रोजी नाशिकला त्यांचं निधन झालं, तेव्हा गाठीशी फारसं काही उरलं नव्हतं. पुढे 1969 साली त्यांच्या नावाने देशातला चित्रपटसृष्टीचा सर्वोच्च पुरस्कार सुरू झाला. दादर पूर्वेच्या रस्त्याला आज त्यांचं नाव आहे. सरस्वतीबाईंच्या नावाचा उल्लेख मात्र आपण पाठ शिकवताना आवर्जून करायला हवा.

वर्गात आणि घरी करून पाहा

लालबाग-परळची मुलं दरवर्षी गणपतीत बांबू, कापड आणि प्लायवूडचे राजवाडे उभे राहताना पाहतात. त्यांना विचारा, मागचे खांब लहान का काढतात? मग बुटांचा एक रिकामा खोका द्या. त्यात आवडत्या गोष्टीतली एक खोली करायला सांगा, पण अट अशी की बाजारातून काही आणायचं नाही. शेवटी मोबाईलने त्याचा कृष्णधवल फोटो काढा आणि कुठला रंग कसा दिसतो ते मुलांनाच सांगू द्या.

मागच्या वर्षी माझ्या वर्गातल्या एका मुलाने आगपेटीच्या काड्यांचा महाल केला होता. आई म्हणाली, अभ्यास सोडून हेच चालू असतं बघा. मी त्या माउलींना अहमदाबादच्या पदकाची गोष्ट सांगितली. त्या काही बोलल्या नाहीत. पण दुसऱ्या दिवशी महाल पिशवीतून नीट सांभाळून शाळेत आला, आणि आणून देणारी होती त्याची आईच.