लेव्ह याशिन : सोनेरी चेंडू मिळवणारा एकमेव गोलरक्षक



फुटबॉलमधल्या सर्वोत्तम खेळाडूला दरवर्षी ‘बॅलन डी’ओर’ म्हणजेच ‘सोनेरी चेंडू’ हा पुरस्कार दिला जातो, हे आपल्या मुलांना आपल्यापेक्षा जास्त माहीत असतं! मेस्सीने तो किती वेळा घेतला, रोनाल्डोने किती वेळा, हे वर्गातली मुलं बोटांवर मोजून सांगतात. ‘फ्रान्स फुटबॉल’ या फ्रेंच नियतकालिकाने १९५६ साली हा पुरस्कार सुरू केला. वेगवेगळ्या देशांचे क्रीडा पत्रकार मतं देतात आणि विजेता ठरतो. सुरुवातीला तो फक्त युरोपच्या खेळाडूंसाठी होता. १९९५ पासून युरोपातल्या क्लबकडून खेळणाऱ्या कोणत्याही देशाच्या खेळाडूला तो मिळू लागला आणि २००७ पासून साऱ्या जगासाठी खुला झाला.

आता मुलांना एक प्रश्न विचारून बघा. आजपर्यंत हा पुरस्कार किती गोलरक्षकांना मिळाला? उत्तर आहे, फक्त एका. १९६३ साली, सोव्हिएत संघाच्या लेव्ह याशिन यांना. गंमत म्हणजे त्याच्या आदल्याच वर्षी त्यांच्या देशातले लोक म्हणत होते, की हा गोलरक्षक आता संपला!

बालपण आणि कारखाना

लेव्ह इवानोविच याशिन यांचा जन्म २२ ऑक्टोबर १९२९ रोजी मॉस्कोत एका कामगार कुटुंबात झाला. लेव्ह लहान असतानाच आई गेली. वडील कारखान्यात कामाला होते. पुढे दुसरं महायुद्ध आलं. जर्मन सैन्य मॉस्कोच्या दिशेने येऊ लागलं, तेव्हा कारखाने यंत्रांसकट आणि कामगारांसकट दूर पूर्वेकडे हलवले गेले. लेव्हचं कुटुंबही तिकडे गेलं. आपली सातवी-आठवीतली मुलं ज्या वयात दप्तर घेऊन शाळेत जातात, त्या वयात हा मुलगा लष्करी सामान बनवणाऱ्या कारखान्यात फिटरचं काम शिकत होता. खेळायचं ते कामातून वेळ उरला तर.

अठराव्या वर्षाच्या आसपास त्याच्या मनाने हाय खाल्ली. आतून काहीतरी तुटल्यासारखं झालं, कशातच रस वाटेना. एक दिवस तो कामावर गेलाच नाही. आज आपण याला नैराश्य म्हणू, समुपदेशकाकडे नेऊ. पण त्या काळी सोव्हिएत संघात कामाला दांडी मारणं हा कायद्याने गुन्हा होता. अशा वेळी ओळखीच्यांनी सुचवलं, की वेळ न घालवता सैन्यात भरती हो. तो सल्ला त्याने ऐकला. तिथे त्याला थोडा मोकळा श्वास मिळाला आणि तो पुन्हा गोलपोस्टमध्ये उभा राहिला. दिनामो मॉस्को क्लबच्या तरुण संघाचे प्रशिक्षक अर्कादी चेर्निशेव्ह यांनी त्याला पाहिलं आणि १९४९ मध्ये आपल्याकडे बोलावून घेतलं.

सुरुवातच चुकली!

पुढची गोष्ट मुलांना आवर्जून सांगा. १९५० सालच्या एका सराव सामन्यात समोरच्या संघाच्या गोलरक्षकाने आपल्या गोलपोस्टजवळून चेंडू लांब उडवला. तो पकडायला याशिन पुढे धावले, वाटेत आपल्याच सहकाऱ्यावर आदळले आणि चेंडू टप्पा खाऊन सरळ जाळ्यात! गोलरक्षकाने गोलरक्षकावर केलेला गोल. बघणाऱ्यांना हसू आवरेना. त्याच वर्षी लीगमध्ये संधी मिळाली, तिथेही अशीच टक्कर आणि अशीच चूक झाली. मग मुख्य संघाचा दरवाजा बंद झाला, तो जवळजवळ तीन वर्षं.

पण चेर्निशेव्ह यांनी त्यांना सोडलं नाही. ते आइस हॉकीचेही प्रशिक्षक होते. याशिन तिथेही गोलरक्षक म्हणून खेळू लागले आणि १९५३ साली दिनामोसोबत त्यांनी आइस हॉकीचा सोव्हिएत चषकही जिंकला. बर्फावरची ती छोटी चकती अडवताना नजर आणि हात तयार होत गेले. त्याच वर्षी फुटबॉल संघातली जागा मिळाली आणि त्यांनी हॉकी सोडली.

काळा कोळी

गडद कपडे, डोक्यावर टोपी आणि सगळीकडे पोहोचणारे हात. म्हणून लोक त्यांना ‘काळा कोळी’ म्हणू लागले. त्या काळात बहुतेक गोलरक्षक रेषेवर उभे राहून चेंडूची वाट बघायचे. याशिन पुढे येऊन चेंडू गाठत. धरता येत नसेल तर मुठीने दूर ठोसत. बचावपटूंना ओरडून जागा दाखवत आणि हातात आलेला चेंडू पटकन फेकून आपल्या संघाची चढाई सुरू करून देत. गोलरक्षक म्हणजे मागे उभा राहिलेला एकटा माणूस नव्हे, तो संपूर्ण बचावाचा म्होरक्या, हे त्यांनी दाखवून दिलं.

१९५६ साली मेलबर्न ऑलिम्पिकमध्ये सोव्हिएत संघाने सुवर्णपदक मिळवलं. १९६० साली पॅरिसमध्ये युगोस्लाव्हियाला २-१ असं हरवून युरोपचं पहिलं राष्ट्रीय विजेतेपद जिंकलं. दोन्ही वेळा गोलपोस्टमध्ये याशिनच होते.

१९६२ : दगड आणि शिट्ट्या

१९६२ चा विश्वचषक चिलीत झाला. कोलंबियाविरुद्ध सोव्हिएत संघ ४-१ ने पुढे होता. तरी सामना ४-४ असा बरोबरीत सुटला. त्यातला एक गोल तर थेट कॉर्नरवरून झाला. विश्वचषकात असा गोल तेवढा एकच. पुढे उपांत्यपूर्व फेरीत यजमान चिलीने २-१ ने हरवलं आणि संघ घरी परतला.

सोव्हिएत संघात लोकांनी ते सामने टीव्हीवर पाहिलेच नव्हते. वर्तमानपत्रात आलं तेच खरं मानलं गेलं आणि वर्तमानपत्रांनी दोष याशिन यांच्यावर टाकला. मॉस्कोच्या मैदानात त्यांच्या हाती चेंडू आला, की शिट्ट्या आणि आरडाओरडा सुरू व्हायचा. घराच्या काचा फुटल्या, धमक्यांची पत्रं आली. अकरा जण हरले होते, पण बोट एकाकडेच होतं. तेहतिशीला आलेल्या याशिन यांनी खेळ सोडायचा विचार केला. काही काळ ते मैदानापासून लांब राहिले, मासे पकडायला जात राहिले. मग हळूहळू सरावाला परतले.

१९६३ : सोनेरी चेंडू

पुढच्या हंगामात त्यांनी लीगचे २७ सामने खेळले आणि गोल खाल्ले फक्त ६! दिनामो विजेता ठरला. ऑक्टोबर १९६३ मध्ये इंग्लिश फुटबॉल संघटनेच्या शताब्दीनिमित्त लंडनच्या वेम्ब्ली मैदानावर इंग्लंड विरुद्ध उर्वरित जग असा सामना झाला. जगाच्या संघात पहिल्या सत्रात गोलरक्षक होते याशिन. त्या सत्रात इंग्लंडला एकही गोल करता आला नाही. त्यानंतर पत्रकारांची मतं मोजली गेली आणि सोनेरी चेंडू मॉस्कोला गेला.

१९६६ च्या विश्वचषकात सोव्हिएत संघ चौथा आला, तेव्हाही ते होते. १९७१ साली निरोपाच्या सामन्याला मॉस्कोचं स्टेडियम खचाखच भरलं होतं. सारी कारकीर्द एकाच क्लबकडून खेळलेल्या या खेळाडूला शेवटच्या वर्षांत आजारपणामुळे एक पाय गमवावा लागला. २० मार्च १९९० रोजी त्यांचं निधन झालं.

त्यांच्यानंतर इटलीचे झॉफ आणि बुफॉन दुसऱ्या क्रमांकापर्यंत पोहोचले, जर्मनीचे कान आणि नॉयर तिसऱ्या. पहिला कुणीच नाही. शेवटी २०१९ पासून ‘फ्रान्स फुटबॉल’ने गोलरक्षकांसाठी वेगळा पुरस्कार सुरू केला. त्याचं नाव, याशिन करंडक.

आपल्यासाठी

मित्रांनो, शाळेच्या बक्षीस समारंभातही गोल करणाऱ्याचं नाव आधी घेतलं जातं. अडवणाऱ्याच्या हातून एक चेंडू सुटला, की तेवढाच सगळ्यांच्या लक्षात राहतो. आपल्या वर्गातही अशी मुलं आहेत. पहिल्याच सामन्यात हसं झालेल्या मुलाला चेर्निशेव्ह यांनी घरी पाठवलं असतं, तर हा चरित्रपाठ लिहावाच लागला नसता.

वर्गात चर्चेसाठी प्रश्न

१. विश्वचषकातल्या हाराचा दोष एकट्या याशिन यांना देणं योग्य होतं का? का?
२. सामना न पाहता फक्त बातमी वाचून मत बनवलं, तर काय होतं?
३. आइस हॉकीचा याशिन यांना फुटबॉलमध्ये कसा उपयोग झाला असेल?
४. आपल्या शाळेत ‘गोल अडवणारी’ माणसं कोण आहेत? एकाबद्दल पाच-सहा ओळी लिहा.